कॅनडाला निघण्यापूर्वी: ठाण्यातील घर, उलव्यातील घर आणि हातातील रोकड

नमस्कार. घोडबंदर रस्त्यावरचे भाड्याने दिलेले घर, उलव्यात बांधकाम चालू असलेल्या इमारतीतले दुसरे, दोन्हींवर कर्ज आणि पुढील वर्षी एक्स्प्रेस एन्ट्रीतून (कुशल कामगारांना कायमच्या वास्तव्याची परवानगी देणाऱ्या पद्धतीतून) कॅनडा, अशा स्थितीत घरे ठेवावीत की विकावीत, असे तुम्ही विचारले आहे. ऐरोली सोडून टोरांटोजवळ स्थायिक झालेला माणूस म्हणून माझे मत स्पष्ट आहे. जे घर पुढेमागे विकायचेच आहे ते करासाठी भारताचे निवासी असतानाच विकावे, आणि जे ठेवायचे ते भाडे न येताही वर्षभर सांभाळता येईल एवढी रक्कम बाजूला काढल्याशिवाय ठेवू नये.

पहिली अडचण अर्जाच्या वेळीच येते. कॅनडातील नोकरीचे पत्र हाती नसेल, तर निर्वाहासाठी पुरेसे पैसे असल्याचा पुरावा द्यावा लागतो आणि त्यात घराची किंमत धरत नाहीत, उसने घेतलेले पैसेही चालत नाहीत. बँकेच्या पत्रात मागील सहा महिन्यांची सरासरी शिल्लक दाखवावी लागते. म्हणून घर विकून ही रक्कम उभी करणार असाल, तर विक्रीचा व्यवहार अर्जाच्या बराच आधी पूर्ण व्हायला हवा.

विक्रीचा मुहूर्त करामुळेही महत्त्वाचा ठरतो. समजा, ६० लाखांना घेतलेले घर काही वर्षांनी ९० लाखांना विकले. तुम्ही निवासी असाल तर खरेदीदार १ टक्का, म्हणजे ९० हजार रुपये, कापून उरलेले तुम्हाला देतो. अनिवासी झाल्यावर मात्र त्याला साधारणपणे पूर्ण विक्री किमतीवर १२.५ टक्के, म्हणजे सव्वाअकरा लाख आणि वर अधिभार व उपकर, कापावे लागतात, जरी ३० लाखांच्या नफ्यावरचा मूळ कर पावणेचार लाखच असला तरी. जादा कापलेली रक्कम विवरणपत्र भरल्यानंतर परत मिळते, परंतु नव्या देशात बस्तान बसवताना जे पैसे हाताशी हवेत तेच तोवर अडकून राहतात. आयकर विभागाकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र विक्रीआधीच घेता येते आणि ते अवश्य घ्यावे, मात्र त्यासाठी वेळ राखून ठेवावा लागतो. शिवाय २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरावर महागाई निर्देशांकाचा लाभ घेऊन (म्हणजे खरेदी किंमत महागाईनुसार वाढवून धरून) २० टक्क्यांनी कर भरण्याचा पर्याय निवासी व्यक्तीलाच आहे.

उलव्याच्या घराबद्दल मला अधिक काळजी वाटते. अटल सेतू आणि विमानतळ यांमुळे तेथील भावांची चर्चा खूप होते, परंतु ताबा मिळण्याआधी गिऱ्हाईक मिळवणे, बिल्डरची संमती घेणे आणि आधीच्या बँकेचे कर्ज फेडणे हे सर्व जुळून येईपर्यंत तो भाव कागदावरच असतो. उलट स्लॅब पडेल तशी हप्त्याची मागणी येते आणि तुमचा स्वतःचा वाटा आधी भरल्याशिवाय बँक पैसे सोडत नाही. ताब्यापर्यंतच्या साऱ्या मागण्यांची बेरीज आजच मांडून पाहा आणि ती झेपणार नसेल, तर निघण्यापूर्वीच यातून बाहेर पडा. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको महामंडळाच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवरील तयार घर विकतानाही हस्तांतरणाच्या परवानगीला लागणारा काळ आणि शुल्क गृहीत धरावे.

घोडबंदरचे घर ठेवलेत तर भाडे एनआरओ खात्यात (अनिवासी व्यक्तीच्या भारतातील उत्पन्नासाठीच्या बँक खात्यात) येईल आणि भाडेकरूला त्यातून ३१.२ टक्के कर कापावा लागेल. ३० हजारांच्या भाड्यातून हाती २०,६४० रुपये येतील आणि त्यातूनच सोसायटीचे देखभाल शुल्क व मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे बिनभोगवटा शुल्क जाईल. हप्ता भाड्यातून भागेल हा हिशेब येथे कोलमडतो. भाडेकरूची अनामत आपल्या शिलकीत धरू नका, कारण तो निघाला की ती त्याच दिवशी परत करावी लागते.

सगळी शिल्लक कर्जफेडीत घालण्याचा मोह होईल, परंतु साध्या गृहकर्जात भरलेले पैसे गरजेच्या वेळी परत काढता येत नाहीत. ओव्हरड्राफ्ट पद्धतीच्या गृहकर्जात ते काढता येतात, म्हणून तुमची बँक अनिवासी झाल्यावर ती सोय चालू ठेवते का, हे लेखी विचारून घ्या. विश्वासातल्या माणसाच्या नावे मर्यादित अधिकारांचे मुखत्यारपत्र येथूनही करता येते, पण ठाण्यात असतानाच नोंदवणे फार सोपे आहे. शेवटचे म्हणजे, ज्या दिवशी तुम्ही कॅनडाचे कर-निवासी व्हाल, त्या दिवशीच्या बाजारभावाने तुम्ही ठेवलेले घर घेतले असे कॅनडाचा कायदा मानतो, तेव्हा त्या तारखेचा मूल्यांकन अहवाल नोंदणीकृत मूल्यांककाकडून करून घ्या.