वेफर संपतो, मासा मात्र वाळतोय

प्रश्न : आमच्या ९० लिटरच्या टाकीत निऑन टेट्रा, कोरी (तळाशी फिरणारे छोटे कॅटफिश) आणि पाच टायगर बार्ब असे मासे आहेत. महिन्यापूर्वी टाकी घासून लख्ख केली आणि एक ट्विग कॅटफिश आणला. दिवसभर लाकडाला चिकटून असतो. रात्री शेवाळाचा वेफर टाकतो, सकाळी तो संपलेला असतो. पण आता माशाचं पोट आत गेलंय, शेपटीचा लांब धागाही तुटलाय. कोणतं औषध घालू?

उत्तर : औषध घालू नका. तुमचा मासा आजारी नाही, उपाशी आहे. औषधं आणि मीठ या माशाला फारशी सोसतही नाहीत.

वेफर कोरींनी खाल्ला. ट्विग कॅटफिश, म्हणजे फार्लोवेला, खाण्यासाठी कोणाशी झटापट करत नाही. दुसरा आला की हा बाजूला सरकतो. मी पहिला फार्लोवेला असाच गमावला. पाच आठवडे तो एका फांदीवर शांत बसलेला दिसायचा आणि मला वाटायचं, स्वभावच असा. मेल्यावर उलटा करून पाहिला, तर पोटाच्या जागी खळगा होता. तेव्हापासून मासा काचेला चिकटला की मी आधी खालून त्याचं पोट बघते. पोट सपाट किंवा किंचित फुगीर असावं.

हा ओरिनोको, ॲमेझॉनच्या खोऱ्यांतला मासा. पाण्यात बुडालेल्या फांद्यांवरचा हिरवा-तपकिरी थर दिवसभर खरवडून जगतो. १८८९ साली आयगेनमान या मत्स्यशास्त्रज्ञ दांपत्याने या प्रजातीगटाला फार्लो या वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव दिलं आणि हे फार्लो शेवाळांचेच अभ्यासक होते! तुम्ही टाकी लख्ख केलीत तेव्हा नकळत त्याचं ताट पुसलंत. यापुढे फक्त समोरची काच घासा. मागची, बाजूची आणि लाकूड तसंच राहू द्या. मी टाकीतल्याच पाण्याच्या भांड्यात चार गुळगुळीत गोटे घालून उन्हाच्या खिडकीत ठेवते. ते हिरवे झाले की दोन टाकीत, दोन परत खिडकीत.

तोवर काकडीची किंवा झुकिनीची चकती उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून, गार करून, दिवा मालवल्यावर तो बसतो त्या फांदीलाच बांधा. तळाशी टाकाल तर पुन्हा कोरीच खातील. सकाळी उरलेली काढून टाका, नाहीतर पाणी नासतं.

टायगर बार्बना मात्र दुसरी टाकी शोधावी लागेल. धागा त्यांनीच तोडला असण्याची शक्यता सर्वांत जास्त. कळपात राहणारे चपळ मासे ते, लोंबतं काही दिसलं की चावतात आणि हा पळून जाऊ शकत नाही. निऑन आणि कोरींबरोबर त्याचं छान जमतं. तुटल्या जागी पांढरा कापसासारखा थर नसेल तर जखमेला स्वच्छ पाणी पुरतं.

पाण्याच्या बाबतीत हा हळवा आहे. आठवड्याला पाव भाग पाणी बदला, क्लोरीन घालवलेलं आणि टाकीइतक्याच तापमानाचं. २४ ते २६ अंश ठीक. नायट्रेट, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात साठत जाणारं द्रव्य, २० पीपीएमच्या (लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या) खाली ठेवा आणि फिल्टरची धार पृष्ठभाग हलवत राहील अशी वळवा, कारण प्राणवायू कमी पडला तर तो लगेच खंगतो. हलवायची वेळ आली तर जाळी वापरू नका, लांब तोंड तिच्यात अडकतं. पाण्यासकट भांड्यात घ्या.

एवढं सांभाळलं तर हा मासा भरभरून देतो. माझ्याकडच्या दुसऱ्या जोडीने मागच्या काचेवर अंडी घातली. नाकावर बारीक राठ केस असलेला नर दहा दिवस त्यांच्यावरून हलला नाही, तोंडाने एकेक अंडं साफ करत राहिला.

आज रात्रीच चकती बांधा. आणि दर रविवारी पोटाचा फोटो काढून ठेवा, रोज पाहणाऱ्या डोळ्यांना फरक कळत नाही.