हवाईची दुर्मिळ वेल 'आविकिविकी' म्हणजे नक्की काय, आणि ती का संपत चाललीये?

सोप्पं सांगायचं तर आपल्या अबईची चुलत बहीण. अबईच्या शेंगांची भाजी खाल्ली असेल तर तिची वेल आठवा, तोच वंश, कॅनव्हेलिया. हवाईतल्या ह्या जातीचं शास्त्रीय नाव कॅनव्हेलिया प्युबेसेन्स, प्युबेसेन्स म्हणजे लव असलेली, पानांवर बारीक मऊ लव असते म्हणून. एका देठाला तीन पानं, फुलं गडद जांभळी, आणि गंमत म्हणजे फुल उलटं असतं, वाटाण्याच्या फुलात जी मोठी पाकळी वर उभी असते ती इथे खाली जाते. ती मूळची मावी, लानाई वगैरे बेटांच्या कोरड्या भागातली, अगदी लाव्हाच्या खडकांवरही पसरते. हवाईयन भाषेत विकी म्हणजे झटपट, नावात तेच दोनदा.

आता संपतेय का, तर मुख्यतः बकऱ्या आणि हरणं. आणि हरणं कुठली माहितीये? आपले चितळ! 1868 च्या सुमारास हवाईचा राजा कामेहामेहा पाचवा याला भेट म्हणून मोलोकाई बेटावर आणले, पुढे लानाईवर नि 1959 मध्ये मावीवर सोडले, तेही शिकारीसाठी. तिथे वाघबिबटे नाहीत मग काय, कोवळे शेंडे, रोपं सगळं फस्त. शिवाय बाहेरून आलेलं गवत आणि त्यामुळे लागणारे वणवे.

2013 मध्ये अमेरिकेने तिला धोक्यातल्या यादीत टाकलं. उपाय म्हणजे कुंपण (चितळासाठी आठेक फूट उंच लागतं, साध्या तारेवरून टुणकन उडी मारतात), बिया साठवणं आणि रोपं परत लावणं. माझ्या मते कुंपण आधी, नाहीतर रोपं लावणं म्हणजे चितळांना जेवण वाढणं.