इम्प्लांटच्या सिरॅमिकवरचं संशोधन: केमिस्टला यात करिअर आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालंय, हाडात-दातात बसवायच्या सिरॅमिकवर संशोधन करायचंय, पण "ते मटेरियलवाल्या इंजिनिअरांचं क्षेत्र, केमिस्टचं तिथे काय काम" असं कुणीतरी सुनावलंय. पीएचडी लागते का, हेही विचारलंय. एरवी मी इथे नुसती वाचत असते. पण हे सुनावणं मी स्वतः सात वर्षं ऐकलंय, त्यामुळे आज राहवलं नाही.

करिअर आहे. आता माझं ऐका.

आमच्या गटात हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटचे, म्हणजे हाडातल्या खनिजासारख्या कॅल्शियम फॉस्फेटचे, ठोकळे बनवायचे होते. पावडर मी करायची. ती दाबणं, सिंटर करणं (भट्टीत भाजून घट्ट करणं), ताकद मोजणं हे सगळं गटप्रमुखांकडे. सर मेकॅनिकलचे. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "मॅडम, पावडर तुमची, सिरॅमिक आमचं." भट्टीची नोंदवही माझ्यापर्यंत कधी यायची नाही. बैठकीत पावडरीचे आकडे वाचून झाले की मला "तुम्ही निघालात तरी चालेल" असं सांगायचे.

एका खेपेचे ठोकळे १२०० अंशांवरून निघाले. पांढरेशुभ्र, नखाने टिचकी मारली तर कपबशी वाजावी तसे वाजायचे. दाबून फोडायच्या चाचणीत आकडे झकास आले. उरलेले डबीत घालून कपाटात ठेवले. बारा दिवसांनी पेशींवरच्या चाचणीसाठी डबी उघडली तर तळाला पीठ. दोन ठोकळे उभे चिरलेले, तिसऱ्याचा कोपरा नुसतं बोट लागल्यावर गळून पडला. मधल्या काळात डबीला कुणी हातही लावला नव्हता.

सरांचं निदान तयार होतं: भट्टी लवकर थंड झाली. मग मिनिटाला ५ अंशांऐवजी २ अंशांनी थंड करून पाहिली. त्याच पावडरीचे नवे ठोकळे केले, ते फुटायची वाट पाहिली, ते फुटले. यात तीन आठवडे गेले. एक्स-रे डिफ्रॅक्शन (ठोकळ्यात कोणकोणती संयुगं, म्हणजे फेज, आहेत ते दाखवणारी तपासणी) करून घ्या, असं मी सांगत होते. त्या मशीनला रांग, आणि "फेजबिज नंतर बघू". शेवटी बैठकीला जाताना मी फिनॉल्फ्थेलिनची, म्हणजे अल्कली भेटली की गुलाबी होणाऱ्या द्रावणाची, बाटली एप्रनच्या खिशात टाकली. सगळ्यांसमोर ठोकळा मोडला आणि ताज्या चिरेवर एक थेंब सोडला. भडक गुलाबी! प्रथम वर्षाच्या प्रॅक्टिकलमधली गोष्ट. खोलीत कुणी काही बोललं नाही, आणि तो क्षण मी आयुष्यभर पुरवून वापरणार आहे.

ठोकळ्यात मोकळा कॅल्शियम ऑक्साइड होता, म्हणजे आपला कळीचा चुना. हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटमध्ये कॅल्शियम आणि फॉस्फरसचं गुणोत्तर १.६७ असतं. कॅल्शियम कमी पडलं तर भाजताना बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट होतं, आणि ते शरीरात बरंच लवकर विरघळतं. जास्त झालं तर चुना उरतो. हा चुना हवेतली ओल पितो, जवळजवळ दुप्पट फुगतो आणि ठोकळा आतून फोडतो. ठोकळ्याचं नशीब बीकरमध्येच ठरलेलं होतं, भट्टी कितीही सावकाश थंड करा.

सरांचा हुकमी पत्ता म्हणजे लॅरी हेंच. १९६९ मध्ये बायोग्लास काढणारे हेंच सिरॅमिक इंजिनिअर होते, केमिस्ट नव्हते. बरोबर आहे. पण ती काच करते काय? वजनाने ४५ टक्के सिलिका, सोडियम आणि कॅल्शियमची ऑक्साइडं प्रत्येकी २४.५, उरलेलं ६ टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड. शरीरातल्या द्रवात सोडियम बाहेर पडतो, वर सिलिकेचा जेलसारखा थर येतो, त्यावर कॅल्शियम फॉस्फेट साचतं आणि हाड त्याला धरून बसतं. यातला कोणता टप्पा मेकॅनिकलचा आहे, ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

पीएचडीचं: स्वतःचा विषय स्वतः चालवायचा असेल तर हवीच. कोटिंग, दातांच्या झिर्कोनियाचं (हेही एक कठीण, पांढरं सिरॅमिक) उत्पादन, गुणवत्ता तपासणी यांत एम.एस्सी.वर नोकऱ्या मिळतात, आणि खरं तर जास्त नोकऱ्या तिथेच आहेत. कागदपत्रांची तयारी ठेवा. आयएसओ १०९९३ नावाचं जैव-अनुरूपतेचं, म्हणजे वस्तू शरीराला अपाय करत नाही ना हे तपासायच्या मानकांचं, प्रकरण सोबतीला कायम असणार. घाई असेल तर हे क्षेत्र नकोच. बायोग्लासचं पहिलं उपकरण, मधल्या कानातल्या हाडांच्या जागी बसवायचं, बाजारात यायला १९८५ उजाडलं. माझ्या हातची पावडर अजून एकाही रुग्णाच्या अंगात गेलेली नाही.

मुलाखतीला जाल तेव्हा पगाराच्या आधी एक विचारा: भट्टीची नोंदवही केमिस्टला बघायला मिळते का? उत्तर देणारा अडखळला तर दुसरीकडे बघा.

आता दोन गोष्टी, ज्या खरं तर आधी सांगायला हव्या होत्या. भट्टीने घात होतच नाही असं नाही. एका उत्पादकाने भट्टीचा प्रकार बदलला, आणि त्यानंतरच्या खेपांमधले खुब्याच्या सांध्याचे झिर्कोनियाचे गोळे रुग्णांच्या शरीरात फुटू लागले. २००१ मध्ये ते परत मागवावे लागले. म्हणजे सर मुळात वेडे नव्हते.

दुसरी गोष्ट त्या चुन्याची. आम्ही कॅल्शियम हायड्रॉक्साइडमध्ये फॉस्फोरिक आम्ल थेंबथेंब सोडायचो. हायड्रॉक्साइडची जुनी बाटली उघडी राहून हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून बसली होती, म्हणून मी वहीत भरपाई लिहून ठेवली होती: शंभर ग्रॅममागे सहा ग्रॅम जास्त. नंतर नवी, सीलबंद बाटली आली. भरपाई वहीत तशीच राहिली, माझ्याच अक्षरात.

हे कळल्यावर सर म्हणाले, "म्हणजे चूक तुमचीच होती तर."

माझीच होती. पण ती पावडरीत होती, भट्टीत नव्हती, एवढं तरी कबूल करा, असं मी तेव्हाही म्हटलं होतं. त्यांनी अजून केलेलं नाही.