वडील व्हेंटिलेटरवर आहेत, डॉक्टर संशोधनासाठी सही मागतायत. करावी का? आपल्या माणसावर प्रयोग तर करणार नाहीत ना?

करा. कागद वाचून, विचारायचं ते विचारून, पण करा. प्रश्नाचा दुसरा भाग वाचला म्हणून लिहायला बसले. हेच मला माझ्या दाजींनी आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तेराव्याला चारचौघांत ऐकवलं होतं.

मी मिरजेत आयसीयूत सिस्टर आहे. आबा तासगाव तालुक्यातले, द्राक्षबागायतदार. न्यूमोनिया दोन्ही फुफ्फुसांत पसरला आणि त्यांना व्हेंटिलेटरला लावावं लागलं. माझ्या हॉस्पिटलात नाही, मिरजेतल्याच दुसऱ्या. सुधारणा दिसायला लागल्यावर तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. नळी काढायच्या आधी पेशंट स्वतःच्या श्वासावर टिकतो का ते बघतात. ते टी-पीस लावून (म्हणजे मशीन सोडवून नळीला नुसता ऑक्सिजन जोडून) बघायचं की मशीनचा थोडा आधार ठेवून, याचा अभ्यास चालू होता. नाव घातलं तर चिठ्ठी निघेल त्या पद्धतीनं करणार. आई म्हणाली, तुला कळतंय त्यातलं, तू बघ. भावानं पुण्याहून फोनवर हो म्हटलं. दाजी विट्याहून आले होते, ते पॅसेजमध्येच तापले. "प्रयोग करायचाय तर दुसऱ्याच्या माणसावर करा म्हणावं."

मी म्हटलं, "दाजी, आबा आज जगलेत ते दुसऱ्यांच्या माणसांवर झालेल्या प्रयोगामुळंच."

तेव्हा ते समजावून सांगायला वेळ नव्हता, आता सांगते. व्हेंटिलेटरनं एका श्वासाला किती हवा द्यायची, हे आम्ही उंचीवरून काढतो. माणूस जाड झाला म्हणून त्याचं फुफ्फुस मोठं होत नाही. आबांची उंची १६५ सेंटीमीटर, म्हणजे हिशेबाचं वजन साडेएकसष्ट किलो. किलोला ६ मिली धरून साधारण ३७० मिली. १९९०च्या दशकापर्यंत किलोला १० ते १५ मिली देण्याची पद्धत होती. तेव्हाचे डॉक्टर काही निष्काळजी नव्हते, त्यांना तेच बरोबर वाटत होतं. मग अमेरिकेतल्या एआरडीएस नेटवर्कनं (एआरडीएस म्हणजे फुफ्फुसं सुजून ताठरतात आणि ऑक्सिजन घेईनाशी होतात तो आजार) चिठ्ठ्या टाकून पेशंटचे दोन गट केले, एकाला ६ मिली, दुसऱ्याला १२. निकाल २००० साली छापून आला. १२च्या गटात ३९.८ टक्के दगावले, ६च्या गटात ३१ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की ८६१ पेशंटांवर अभ्यास मुदतीआधीच थांबवला.

आणि यातली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट अशी, की कमी हवा दिलेल्यांचा ऑक्सिजन पहिले काही दिवस उलट कमीच होता. म्हणजे नुसते रिपोर्ट बघून ठरवलं असतं तर कितीही अनुभवी डॉक्टर जास्त हवाच चांगली म्हणाला असता. आजारानं ताठरलेलं फुफ्फुस जास्त हवेनं ताणून आणखी जखमी होतं. ते पेशंटच्या उशाशी उभं राहून कळत नाही. ते कळलं, कारण बहुतेक पेशंटांच्या घरच्यांनी तुमच्यासारखंच बाहेर बसून सह्या केल्या. कोविडमध्ये आम्ही पेशंटला तासन्‌तास पालथं झोपवत होतो, तेही २०१३ सालच्या फ्रान्समधल्या अभ्यासाच्या जोरावर. त्यात २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले होते. कुणी तपासून न बघितलेली ‘नेहमीची ट्रीटमेंट’ हा सुद्धा प्रयोगच असतो, फक्त त्याची नोंद कुणी ठेवत नाही.

आबांची चिठ्ठी टी-पीसची निघाली. त्या हॉस्पिटलात आधीपासून टी-पीसच लावत होते, म्हणजे सही केली नसती तरी हेच झालं असतं. नळी निघाली, आबा घरी आले, ऑक्टोबर छाटणीला बागेत उभं राहून माणसांवर ओरडले. पुढच्या उन्हाळ्यात हार्ट अटॅकनं गेले. आणि तेराव्याला दाजी म्हणतात, "हिनं बापाचा उंदीर केला, तिथनंच आबा खचले." चिठ्ठी कुठली निघाली ते त्यांना मी स्वतः सांगितलं होतं. खरं तर स्पेनमधला २०१९चा मोठा अभ्यास बघितला तर मशीनचा आधार ठेवून अर्धा तास बघितलेल्यांत ८२.३ टक्क्यांची नळी यशस्वीपणे निघाली, दोन तास टी-पीसवर ठेवलेल्यांत ७४ टक्क्यांची. दाजींना राग धरायचाच असेल तर दुसरी चिठ्ठी का नाही निघाली याचा धरावा. आई आजही त्यांच्यापुढे हा विषय काढू देत नाही, म्हणून इथे लिहिते.

आता हेही सांगायला हवं की नवीन पद्धत चांगलीच ठरते असं नाही. मिनिटाला शेकडो बारीक श्वास देणाऱ्या व्हेंटिलेटरचा ऑसिलेट नावाचा अभ्यास २०१३ साली आला. त्यात नव्या पद्धतीच्या गटात हॉस्पिटलमध्ये ४७ टक्के दगावले, नेहमीच्या गटात ३५. तो अभ्यासही मध्येच थांबवला. म्हणून अभ्यास वेळेत थांबवायचा अधिकार कुणाकडे आहे, ते आधी विचारा. माहितीपत्रक मराठीत मागा आणि घरी नेऊन वाचा. त्यावर एथिक्स कमिटीचा, म्हणजे अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समितीचा, फोन असायला हवा. आयसीएमआरची अशा अभ्यासांची सीटीआरआय नावाची नोंदवही आहे, तिच्यातला या अभ्यासाचा नंबर मागून नेटवर टाकून बघा. अभ्यासासाठी जादा केलेल्या तपासण्यांचं बिल तुमच्या माथी मारत असतील, किंवा नाही म्हटल्यावर डॉक्टरांची वागणूक बदलली, तर सही करू नका. केलेली सही कधीही मागे घेता येते, कारण द्यावं लागत नाही, आणि त्यावरून हॉस्पिटलला उपचार थांबवता येत नाहीत.

अभ्यास नेमका कशाचा आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. नळी काढण्याची पद्धत, पालथं झोपवणं, गुंगीचं औषध कमी करणं, यातलं काही असेल तर इथे सांगा, मला माहीत आहे तेवढं लिहीन. नवीन औषधाची ट्रायल असेल तर माझ्या ‘करा’वर जाऊ नका, त्या अभ्यासात नसलेल्या दुसऱ्या डॉक्टरांना पत्रक दाखवून मग ठरवा.