तान्ह्या बाळाचे दिवेलागणीचे रडणे

प्रश्न : माझी पहिलीच मुलगी पाच आठवड्यांची असून बाळंतपणासाठी मी तासगाव तालुक्यात माहेरी आले आहे. ती दिवसभर नीट पिते आणि झोपते, पण दिवेलागणीनंतर दोन-तीन तास मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन रडते. आजी बेंबीभोवती हिंग लावते आणि आता मधात उगाळलेली घुटी सुरू करावी म्हणते. साताऱ्याहून यजमानांनी औषधाच्या दुकानातून पोटदुखीचे थेंब आणले आहेत. माझ्या खाण्याने बाळाला वात होतो म्हणून मला डाळी आणि पालेभाज्या बंद केल्या आहेत. यातले काय करावे?

उत्तर : ताई, आपल्या वर्णनावरून हा बहुधा तान्ह्या बाळांचा पोटशूळ आहे. एरवी निरोगी असणाऱ्या बाळाचे हे रडणे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक वाढते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत औषधाविना ओसरते. आपले दिवस सध्या सर्वांत कठीण आहेत, पण त्यात आपले दूध कमी पडते किंवा आपले काही चुकते असे मुळीच नाही. पोटातला वायूही पुष्कळदा रडण्याचे कारण नसून परिणाम असतो, कारण रडताना बाळ हवा गिळते आणि मग पोट टम्म होते.

म्हणून पाजण्यापासून सुरुवात करावी. रडून लाल होण्याआधीच, भुकेची पहिली चाहूल लागताच बाळाला जवळ घ्यावे, स्तनाग्राभोवतीचा काळसर भागही त्याच्या तोंडात जाईल असे धरावे, एका बाजूचे दूध पुरते पिऊ द्यावे आणि नंतर खांद्यावर उभे धरून ढेकर काढावी. संध्याकाळी रडणे सुरू झाले की बाळाला आपल्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातावर पालथे घेऊन सावकाश फिरावे, किंवा उताणे ठेवून पाय सायकल चालवल्यासारखे हलवावे. कोमट तेलाच्या बोटांनी बेंबीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हळुवार चोळावे. मंद प्रकाश आणि अंगाईचा एकसारखा सूर यांनीही बरीच बाळे निवतात. झोपवताना मात्र नेहमी उताणेच ठेवावे.

आजींचा हिंग कोमट पाण्यात पातळ कालवून बाहेरूनच लावला जात असेल आणि कातडीवर लाली येत नसेल, तर त्याला माझी हरकत नाही; त्या निमित्ताने फिरणारा मायेचा हातही बाळाला हवाच असतो. हिंग पोटात मात्र देऊ नये. ओव्याची पोटली आधी स्वतःच्या मनगटावर लावून पाहावी. धुरी टाळावी, कारण धूर तान्ह्या फुप्फुसांना सोसत नाही, आणि पोटावर डाग देण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ठामपणे नाकारावा.

घुटीबद्दल मला स्पष्ट बोलले पाहिजे. मधात क्वचित अशा जंतूंचे बीजाणू असतात, जे वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात वाढून विष निर्माण करतात आणि त्याचे स्नायू लुळे पडतात. त्यामुळे पहिल्या वर्षात मधाचे बोटही नको. वेखंड, जायफळ सहाणेवर किती वेढे उगाळले यावर मात्रा ठरते, ती रोज सारखी राहत नाही, आणि जायफळ जास्त झाले तर बाळाला गुंगी येते. ती गुंगी म्हणजे आराम पडला असे समजणे धोक्याचे आहे. आजींना हे आपण सांगण्याऐवजी आशाताईंकडून ऐकवावे. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, वरचे पाणीही नाही, हे त्या घरोघरी सांगतच असतात.

थेंबांच्या बाटलीवरची घटकांची नावे वाचावी. त्यात डायसायक्लोमिन असेल तर ती बाटली आजच बाजूला काढावी, कारण श्वासोच्छ्वासाच्या गंभीर त्रासामुळे ते सहा महिन्यांखालील बाळाला देणे निषिद्ध आहे. नुसते सिमेथिकोन असेल तर सहसा अपाय नाही, पण तपासण्यांत ते औषधविरहित थेंबांपेक्षा सरस ठरलेले नाही.

आपले जेवण आजच पूर्ववत करावे. डाळीमुळे आपल्या आतड्यात होणारा वायू दुधात उतरत नाही. उलट पाजणाऱ्या आईला डाळ, पालेभाजी, भाकरी यांची अधिकच गरज असते. बाळाच्या शीमध्ये रक्त किंवा खूप आव दिसली, तरच आपल्या आहारातल्या गाईम्हशीच्या दुधाची त्याला अ‍ॅलर्जी आहे का, हे डॉक्टरांना विचारावे.

ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक असेल, उलटी हिरवी होत असेल, पोट कडक लागत असेल, जांघेत गाठ दिसत असेल, बाळ पीत नसेल किंवा मलूल पडले असेल, तर रात्र काढू नये; १०८ वर फोन करून सांगली-मिरजेच्या रुग्णालयात पोहोचावे. रडणे असह्य होऊन आपलाच तोल जाऊ लागला, तर बाळाला सुरक्षित जागी उताणे ठेवून काही मिनिटे बाहेर जावे आणि दुसऱ्या कोणाला बोलवावे. बाळाला गदागदा कधीही हलवू नये, त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आई आणि आजी घरात आहेत, तेव्हा संध्याकाळचे तास आळीपाळीने वाटून घ्यावेत आणि आपण दुपारी झोपावे.

आशाताईंची ४२व्या दिवसाची भेट आता जवळ आली आहे. तेव्हा बाळाचे वजन करून घ्यावे. या वयात रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. तेवढी वाढ होत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवावे.