करंट देऊन नस खरंच बंद करता येते का?

वडिलांचा पाय गुडघ्याखाली कापला आहे, उरलेल्या टोकात, म्हणजे स्टंपमध्ये, सारखी कळ येते, कुणीतरी ‘करंट देऊन नस बंद करतात’ असं सांगितलं, तर टेन्स मशीन (त्वचेवर पॅड चिकटवून हलका करंट देणारं) घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, टेन्स माझ्या रोजच्या वापरातलं. ते नस बंद करत नाही.

खात्री करणं सोपं आहे. हातावर पॅड चिकटवून नॉब हळूहळू वाढवला की आधी टिकटिक जाणवते, मग दाट मुंग्या येतात. त्या चालू असताना पॅडच्या पुढे चिमटा काढा, पेशंट हात झटकतो. नस बंद असती तर चिमटा कळलाच नसता. टेन्समध्ये साधारण 80-100 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा येणारा करंट स्पर्शाचे जाड तंतू उलट जागे करतो आणि त्यांच्या गर्दीत वेदनेचा संदेश मज्जारज्जूतच दबतो. मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी 1965 मध्ये मांडलेली ‘गेट’ची कल्पना ती हीच. काहींना छान आराम पडतो, बऱ्याच जणांना मशीन बंद केल्यावर थोड्याच वेळात दुखणं परत येतं.

खरोखर नस अडवणारा करंट वेगळाच असतो. तो 5,000 हर्ट्झच्या पुढचा, बहुधा 10,000 ते 30,000, आणि त्यासाठी ऑपरेशन करून इलेक्ट्रोड, म्हणजे करंट देणारं धातूचं टोक, थेट नसेभोवती बसवावा लागतो. नसेतला संदेश म्हणजे तिच्या आवरणातली सूक्ष्म दारं, म्हणजे सोडियम चॅनेल, एकामागून एक उघडत जाणं. एकदा उघडून मिटलेल्या चॅनेलला सावरायला थोडा वेळ लागतो. 10,000 हर्ट्झला करंटची एक फेरी मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात संपते, त्यामुळे इलेक्ट्रोडखालच्या चॅनेलना ती उसंतच मिळत नाही. वरून किंवा खालून आलेला संदेश त्या तुकड्यावर येऊन विरतो. करंट थांबवला की नस पुन्हा चालू. भुलेच्या इंजेक्शनचा असर उतरायची वाट बघावी लागते, तसं इथे नाही.

मग हे सगळीकडे का वापरत नाहीत? करंट सुरू होताच नस आधी जोरात पेटते आणि मगच गप्प होते. स्नायूची नस असेल तर तो कडकन आखडून मग सैल पडतो, वेदनेची असेल तर काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातले संशोधक किलगोर आणि भद्रा बरीच वर्षं यावर काम करत आले आहेत. एकाच दिशेने वाहणाऱ्या साध्या डीसी करंटनेही नस अडते, पण धातूच्या टोकाशी रासायनिक क्रिया होऊन नसच खराब होते.

उपयोगही जरा जपूनच झालाय. 2015 मध्ये अमेरिकेत लठ्ठपणासाठी व्हेगस नस (मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी) अडवणाऱ्या यंत्राला परवानगी मिळाली. चाचणीत वर्षभरात जादा वजनापैकी साधारण 24 टक्के उतरलं, पण नस न अडवणारं नकली यंत्र बसवलेल्यांचंही 16 टक्के उतरलंच! एवढ्यासाठी पोटात यंत्र बसवायचं का, हा प्रश्न मला तरी पडतो. तुमच्या कामाचं आहे ते दुसरं, ‘अल्टियस’. पाय कापल्यानंतरच्या वेदनेसाठीचं, 10,000 हर्ट्झचं. त्याला अमेरिकेत 2024 मध्ये परवानगी मिळाली. दुखायला लागलं की पेशंट स्वतःच अर्ध्या तासाची फेरी सुरू करतो.

पण आधी वडिलांना पेन क्लिनिकमध्ये दाखवा. स्टंपवर एका ठरावीक जागी बोटाने टकटक केल्यावर करंटसारखी कळ उठते का, हे ते बघतील. उठत असेल तर तिथे कापलेल्या नसेची गाठ, म्हणजे न्यूरोमा, असण्याची शक्यता जास्त. मग त्या नसेजवळ लिग्नोकेनचं, म्हणजे भुलेचं, इंजेक्शन देऊन पाहतात. तेवढा वेळ दुखणं थांबलं तर मूळ त्या नसेत आहे, आणि नस अडवण्याचे उपाय विचारात घेण्यासारखे. काहीच फरक पडला नाही, तर पायापाशी नस अडवून फारसा फायदा नाही, मग ती करंटने अडवा की औषधाने. तोवर टेन्स घरी आणून बघायचंच असेल तर बघा, फक्त त्यांना पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.