वाढदिवसाला पिल्लू आणायचंय, पण घरात विमा कोणाचा आहे?

पत्र थोडक्यात असं: "माझं वय 36, पगार हातात 72,000. पत्नी घर सांभाळते. मुलगी पुढच्या महिन्यात 7 वर्षांची होईल. आमचा कुत्रा मोती 11 वर्षांचा होता, दीड महिन्यापूर्वी मूत्रपिंडाच्या आजाराने गेला. उपचारांवर 1.6 लाख गेले. त्यातले 70,000 बचतीतून दिले, 90,000 क्रेडिट कार्डावर आहेत, दरमहा मिनिमम ड्यू भरतो आहे. मुलगी अजून त्याचं भांडं रोज पाण्याने भरून ठेवते. वाढदिवसाला तिला लॅब्रेडॉरचं पिल्लू द्यावं (35,000) आणि या वेळी हॉल घेऊन जरा चांगला कार्यक्रम करावा (45,000) असं वाटतं. यासाठी पर्सनल लोन घ्यावं, की तिच्यासाठी दर वाढदिवसाला केलेल्या एफडी मोडाव्यात? एफडी माझ्याच नावावर आहेत, आज 1.4 लाख होतात, पण मोडायला मन होत नाही. तिच्या भविष्याची काळजी नाही. पहिल्या वाढदिवशी तिच्या नावाने वार्षिक 60,000 हप्त्याची चाईल्ड पॉलिसी घेतली आहे, 20 वर्षांची. एजंटच्या म्हणण्याप्रमाणे 12 लाखांचे दुप्पट होतील." सोबत पॉलिसीचं पहिलं पान आणि बोनसचं स्टेटमेंट जोडलं आहे, ते फार बरं केलंत.

मोतीबद्दल वाईट वाटलं. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: लोन नको, हॉल नको, पिल्लू या वाढदिवसाला नको. आणि एफडी मोडा, पण त्यातून कार्डाचं बिल भरायचं.

मिनिमम ड्यूचा हिशोब एकदा कागदावर मांडा. 90,000 वर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे 3,150 व्याज, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, झाले सुमारे 3,700. तुम्ही भरता 5 टक्के, म्हणजे 4,500. मुद्दल उतरलं 800 रुपयांनी. वर्षाला 44,000 रुपये जाताहेत आणि कर्ज जवळपास जागच्या जागी आहे. दुसरीकडे 1.4 लाखांच्या एफडी तुम्हाला वर्षाला 9,000 देतात. मुलीचे पैसे मोडवत नाहीत ही भावना समजते, पण ते न मोडण्याची फी तुम्ही महिन्याला 3,700 भरत आहात आणि तीही तिच्याच घरातून जाते आहे.

मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक व्याजात साधारण टक्काभर कापेल, कापू द्या. 90,000 एकरकमी भरा. पुढच्या बिलात पुन्हा हजार-दोन हजार व्याज दिसेल, त्याने दचकू नका. बिल निघालं तो दिवस आणि तुम्ही पैसे भरले तो दिवस यांमधल्या काळाचं ते व्याज असतं. तेही पूर्ण भरा. लागोपाठ दोन बिलं शून्य येईपर्यंत कार्ड कपाटात ठेवा, कारण थकबाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पेट्रोल भरलं तरी पहिल्या दिवसापासून मीटर सुरू.

आता न विचारलेल्या गोष्टीकडे येतो, कारण पत्रातलं खरं संकट तिथे आहे.

पॉलिसीचं पहिलं पान पुन्हा उघडा. "प्रस्तावक" या ओळीत तुमचं नाव आहे. त्याखाली "विमित व्यक्ती" या ओळीत मुलीचं. रायडरच्या, म्हणजे जोडून घ्यायच्या जास्तीच्या कवचाच्या, रकान्यात आडवी रेघ. म्हणजे तुम्ही 7 वर्षांच्या, एक रुपयाही न कमावणाऱ्या मुलीच्या आयुष्याचा 12 लाखांचा विमा काढला आहे. तुम्हाला काही झालं तर ही पॉलिसी कुटुंबाला काहीही देणार नाही. प्रीमियम माफीचा रायडर असता तर निदान पुढचे हप्ते कंपनीने भरले असते, पण तोही घेतलेला नाही. उलट पुढच्या वाढदिवशी तुमच्या पत्नीच्या हातात 60,000 च्या हप्त्याची नोटीस पडेल. "मुलीच्या भविष्याची सोय" म्हणून विकलेला हा कागद नेमक्या त्याच दिवशी निकामी ठरतो ज्या दिवसासाठी माणूस विमा घेतो.

हे विकणाऱ्याला ठाऊक नसतं असं समजू नका. बाळाच्या पहिल्या वाढदिवशी बाप भावुक असतो, हप्ता मोठा बसतो आणि पहिल्या हप्त्यातून कमिशनही चांगलं सुटतं.

तुमच्या स्वतःच्या आयुष्यावर काय आहे? कंपनीचा गट विमा 10 लाख, तो नोकरी सुटली की संपतो. पीएफसोबत मिळणारा ईडीएलआय हा विमा जास्तीत जास्त 7 लाख. पीएफमध्ये तुम्ही लिहिल्याप्रमाणे 5 लाख. एकूण 22. घराचं कर्ज बाकी आहे 27 लाख. म्हणजे घर कर्जमुक्त करायलाच 5 लाख कमी पडतात, आणि त्यानंतर किराणा, शाळेची फी, वीजबिल कशातून भरायचं हा प्रश्न उरतोच.

किती विमा हवा? कर्ज 27 लाख. घरखर्च महिन्याला 36,000, वर्षाला सव्वाचार लाख, 20 वर्षांचे 86 लाख (महागाई आणि मिळणारं व्याज एकमेकांना खातात असं धरलं आहे, ढोबळ आहे पण चालतं). शिक्षणाला 25 लाख. बेरीज 1.38 कोटी, तेव्हा दीड कोटीचा साधा टर्म प्लॅन घ्या (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा), वयाच्या 60 पर्यंतचा. तंबाखू नसेल आणि तब्येत ठीक असेल तर वर्षाला 20 ते 25 हजारांत बसेल. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी नाही, तेवढा दिलासा आहे. 85 किंवा 99 व्या वर्षापर्यंतचं कवच घेऊ नका, त्या वयात तुमच्या पगारावर कोणी अवलंबून नसेल. "काही झालं नाही तर हप्ते परत" हा प्रकार तर अजिबात नको. त्यासाठी हप्ता बराच जास्त द्यावा लागतो आणि परत मिळतात ते तुमचेच जास्तीचे पैसे, तेही चोवीस वर्षांनी, बिनव्याजी म्हणावे असे.

प्रस्ताव अर्ज स्वतः भरा, एजंटला भरू देऊ नका. रक्तदाब, साखर, वडिलांचा हृदयविकार, कधीमधी ओढलेली सिगारेट, आधीचा नाकारलेला अर्ज, सगळं लिहा. हप्ता दोन-तीन हजारांनी वाढला तर वाढू द्या. वैद्यकीय तपासणी होणार असेल तर टाळू नका. विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे तीन वर्षं झाल्यावर कंपनी पॉलिसीवर प्रश्न उभा करू शकत नाही, पण पहिल्या तीन वर्षांतच दावा आला तर लपवलेली एक ओळ पुरते. आणि अर्जातच विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या 1874 च्या कायद्याखाली पत्नी व मुलीला लाभार्थी करा. म्हणजे त्या रकमेला धनकोंना, म्हणजे कर्ज देणाऱ्यांना, हात लावता येत नाही, गृहकर्ज फेडायचं की नाही, केव्हा, हे पत्नी ठरवेल. हे अर्जाच्या वेळीच करावं लागतं, पॉलिसी निघाल्यावर जोडता येत नाही.

हप्त्याचे पैसे कुठून, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. त्याच 60,000 मधून.

"दुप्पट" या शब्दाचं आधी बघू. 20 वर्षं दरवर्षी 60,000 भरून शेवटी 24 लाख मिळाले तर परतावा जेमतेम सव्वासहा टक्के होतो. आणि 24 लाखांना आधार काय? एजंटच्या हस्ताक्षरातला एक आकडा. तुमच्या स्टेटमेंटमध्ये 6 वर्षांचा बोनस 2.16 लाख आहे, म्हणजे वर्षाला 36,000. याच गतीने 20 वर्षांचे 7.2 लाख, अधिक विमा रक्कम 12 लाख, झाले 19.2 लाख. परतावा सव्वाचार टक्के. विकताना दाखवतात त्या तक्त्यात 4 आणि 8 टक्के असे दोन रकाने असतात. दोन्ही गृहीतकं आहेत, हमी कोणाचीच नाही, आणि एजंटचं बोट नेहमी दुसऱ्या रकान्यावर असतं.

मग सरेंडर करायची का, म्हणजे पॉलिसी मोडून पैसे घ्यायचे का? इथे बहुतेक जण रागाच्या भरात चूक करतात. शाखेने तुम्हाला सरेंडरचे 1.9 लाख सांगितले आहेत. भरले 3.6 लाख. पण पॉलिसी पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून तशीच ठेवली, तर 20 पैकी 6 हप्त्यांच्या प्रमाणात विमा रक्कम 3.6 लाख राहते, त्यात जमलेला बोनस 2.16 लाख. मुलीच्या 21 व्या वर्षी पावणेसहा लाख. आजचे 1.9 लाख 14 वर्षांत पावणेसहा लाख होणं म्हणजे सव्वाआठ टक्के. बिनजोखमीचं एवढं तुम्हाला बाहेर सहज मिळणार नाही. तेव्हा सरेंडर नको.

आणि हप्ते चालू ठेवले तर? अजून 8.4 लाख भराल, त्यासाठी पावणेसहाऐवजी 19.2 मिळतील. जास्तीच्या पैशांवर परतावा सहा टक्के. शेवटी अंतिम बोनस मिळाला तर टक्का-सव्वा टक्का वर जाईल, तोही घोषित होईल तेव्हा खरा. तेवढ्यासाठी घरातल्या कमावत्या माणसाला विम्याशिवाय ठेवणं परवडत नाही. पेड-अप करा.

सातवा हप्ता नेमका वाढदिवशीच देय आहे, म्हणून हे आत्ताच करायचं. आधी कंपनीकडून पेड-अप मूल्य लेखी घ्या. माझा हिशोब तुमच्या दोन कागदांवरून आहे, कंपनीच्या आकड्यात फरक असला तर तो खरा. मग बँकेत जाऊन ऑटो-डेबिटचं मँडेट रद्द करा, नुसतं खात्यात पैसे न ठेवणं पुरत नाही, हप्ता परत गेला की बँक दंड लावते. त्यानंतर काही करायचं नाही. 30 दिवसांची सवलत संपली की पॉलिसी आपोआप पेड-अप होते. एजंटचा फोन येईल, "सगळं बुडेल" म्हणेल. लेखी द्या म्हणा.

60,000 मधून टर्मचे 24,000 गेले, उरले 36,000. महिन्याला 3,000 सुकन्या समृद्धी खात्यात टाका. खातं मुलगी 10 वर्षांची होईपर्यंतच उघडता येतं, तुमच्याकडे अजून वेळ आहे. दर 2024 च्या सुरुवातीपासून 8.2 टक्के आहे, तिमाहीला बदलू शकतो. पैसे महिन्याच्या 5 तारखेच्या आत टाका, नाहीतर त्या महिन्याचं व्याज त्या रकमेवर मिळत नाही. एक अडचण आधीच सांगतो: खातं उघडल्यापासून 21 वर्षांनी मुदत संपते, म्हणजे ती 28 ची होईल तेव्हा. शिक्षणासाठी 18 नंतर किंवा दहावी झाल्यावर आधीच्या वर्षअखेरच्या शिलकीच्या निम्मीच रक्कम काढता येते. म्हणून पुढची पगारवाढ झाली की तिच्यासाठीची वेगळी एसआयपी (दरमहा ठरावीक गुंतवणूक) शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या इंडेक्स फंडात सुरू करा, सगळं सुकन्यात कोंबू नका.

आता पिल्लू. तुमच्या महिन्याचा हिशोब पाहा: ईएमआय 24,000, घर 36,000, पॉलिसीचा वाटा 5,000, मोतीचे 4,500, कार्डाचे 4,500. बेरीज 74,000. पगार 72,000. मिनिमम ड्यूवर तुम्ही का आलात ते इथे दिसतं, आजारपण हे फक्त निमित्त झालं. कार्ड फिटलं आणि मोतीचा खर्च आज नाही, म्हणून 7,000 मोकळे होतात. त्यातले मोतीचे 4,500 त्याच्याच नावाने वेगळ्या रिकरिंगमध्ये टाका, दहा महिन्यांत 45,000 होतील. मगच नवा कुत्रा. 35,000 ही त्यातली सगळ्यात छोटी रक्कम आहे. खाणं, दरवर्षीचं लसीकरण, जंत-गोचीडांची औषधं, डॉक्टर धरून वर्षाला 54,000, बारा वर्षांचे साडेसहा लाख, तेही शेवटचं आजारपण सोडून. पाळीव प्राण्यांचा विमा मिळतो, पण तो कुत्रा लहान असतानाच घ्यावा लागतो. वयाची अट असते, आधीचा आजार वगळलेला असतो आणि सुरुवातीचा काही काळ दावा चालत नाही. म्हातारपणच्या मूत्रपिंडासाठी त्यावर भिस्त ठेवू नका, तो 4,500 चा रिकरिंग कुत्रा आल्यावरही निदान 1,500 ने चालू ठेवा.

विकतच आणायचं असेल तर 2017 च्या नियमांप्रमाणे ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. "45 दिवसांचं आहे, घेऊन जा" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. आईपासून लवकर तोडलेलं, लस न झालेलं पिल्लू पहिल्या महिन्यातच पार्व्हो या विषाणूने आजारी पडलं तर सलाईनचं बिल पुन्हा कार्डावरच जाईल. दत्तक घेतलं तर हे 35,000 वाचतात. आणि तीस मुलं, फुगे, स्पीकर असलेला दिवस पिल्लाच्या घरातला पहिला दिवस नसावा, हे कोणताही पशुवैद्य सांगेल.

वाढदिवस 8,000 मध्ये घरीच करा. एफडीतून कार्ड फिटल्यावर 45-50 हजार उरतील, त्यातून हे द्या आणि बाकीला हात लावू नका, आज तुमच्याकडे अडीअडचणीचा तेवढाच पैसा आहे. मुलीला दहा महिन्यांचं सांगायला हरकत नाही. रिकरिंगचं पासबुक तिच्याच हातात द्या, मोतीच्या भांड्याशेजारी ठेवू दे.